गवत गुडघ्याला लागायच्या आत: घरच्या परड्यात बॅटरीचा ट्रिमर कसा चालवावा

बॅटरीवरचा ग्रास ट्रिमर घेतलेल्या ओळखीपाळखीच्या लोकांकडून मी एकच तक्रार ऐकते, "चार्जिंग पुरत नाही आणि जोर लागत नाही." थोडी चौकशी केली की कळतं, जूनमध्ये आणलेलं यंत्र गणपतीच्या तोंडावर पहिल्यांदा बाहेर काढलेलं असतं. तोवर गवत कमरेला आलेलं, खाली हरळीचं जाळं, मधे टाकळ्याची लाकडासारखी झालेली खोडं. असल्या रानाला पेट्रोलचा ब्रश कटर लागतो, नाहीतर विळा चालवणारा सराईत माणूस. बॅटरीचं यंत्र त्यासाठी केलेलंच नाही. ते दर आठ-दहा दिवसांनी थोडा वेळ फिरवायचं यंत्र आहे. गवत पोटरीच्या वर जाऊ दिलं नाही, तर घराभोवतीच्या जागेला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

आमचं घर साताऱ्यात गोडोलीला, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. तीन गुंठ्यांची जागा. पुढे थोडी बाग, मागे परडं. त्यात आंबा, नारळ, शेवगा, लिंबू, कढीपत्ता. पूर्वी पावसाळ्यात गवत काढायला बायका यायच्या. आता जून-जुलैत कुणी मिळत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. तेव्हा सोयाबीनची, आल्याची भांगलण ऐन भरात असते. रानातला दिवसभराचा रोज सोडून परड्यातल्या दोन तासांच्या कामाला कोण का येईल? म्हणून हे काम मी स्वतःकडे घेतलं. शाळेत विज्ञान शिकवलेलं असल्यामुळे यंत्राच्या डब्यावरचे आकडे वाचायची सवय होती, ती इथे उपयोगी पडली. गल्लीतल्या बायका विचारतात तेव्हा त्यांना जे सांगते, तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

घेताना काय बघायचं

सगळ्यात जास्त फसवणूक व्होल्टच्या आकड्यात होते. स्वस्त यंत्रांच्या डब्यांवर 48, 88, कधी 388 असले आकडे मोठ्या अक्षरांत छापलेले असतात आणि त्यापुढे ‘व्हीएफ’ असं काहीतरी असतं. त्या आकड्यांचा बॅटरीच्या व्होल्टेजशी संबंध नसतो. खरं काय ते चार्जरवर वाचा. लिथियमचा एक सेल पूर्ण भरला की 4.2 व्होल्टचा होतो. त्यामुळे साध्या चार्जरवर ‘आउटपुट 21 व्होल्ट’ लिहिलं असेल तर आत पाच सेल एकापुढे एक जोडलेले आहेत. 16.8 असेल तर चार, 12.6 असेल तर तीन. पाच सेलच्या बॅटरीलाच कुणी 18 व्होल्ट म्हणतं, कुणी 20, कुणी 21. सरासरी व्होल्टेज धरलं तर 18 आणि पूर्ण भरल्यावरचं धरलं तर 21, वस्तू तीच. घरच्या गवताला पाच सेलची बॅटरी पुरते. तीन सेलचं यंत्र फक्त कुंड्यांच्या कडेचं गवत काढायला ठीक.

दुसरा आकडा अँपिअर-तासाचा, म्हणजे ‘एएच’ लिहिलेला. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास केलं की बॅटरीत किती वॅट-तास ऊर्जा आहे ते कळतं. 18 व्होल्ट, 4 अँपिअर-तास म्हणजे 72 वॅट-तास. गवत कापताना मोटर 200 वॅट ओढत असेल तर ही बॅटरी वीस-एकवीस मिनिटं चालणार. 2 अँपिअर-तासाची असेल तर दहा. गवत दाट असेल तर मोटर जास्त ओढते आणि वेळ आणखी कमी होतो. ‘एका चार्जिंगमध्ये दोन तास’ असं कुणी सांगितलं तर हा गुणाकार तिथेच करून बघा. मी तीन गुंठे एका दिवशी करतच नाही. एक दिवस पुढची बाग, एक दिवस मागचं परडं. विजेचा खर्च तर विचारूच नका: 72 वॅट-तासाची बॅटरी भरायला चार्जरमधली तूट धरून नव्वदेक वॅट-तास लागतात, म्हणजे एका युनिटमध्ये दहा-अकरा वेळा भरते.

मोटर ब्रशलेस असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी घ्या. कार्बन ब्रश झिजायचा प्रश्न नाही, तापते कमी आणि त्याच बॅटरीवर जास्त वेळ चालते. आणि दुकानातच तीन प्रश्न विचारा: गवत कापणाऱ्या नायलॉनच्या दोरीची रीळ सुटी मिळते का, बॅटरी सुटी मिळते का, आणि ती केवढ्याला? बॅटरी सुटी मिळत नसेल तर दोन-चार वर्षांनी सगळं यंत्र भंगारात जाणार. यंत्र हातात धरून, पट्टा खांद्याला लावून बघा. कात्रीसारखी दुसरी यंत्रं पुढे घ्यायची असतील तर एकाच कंपनीची घ्या. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात सहसा बसत नाही, आणि खरी किंमत बॅटरीचीच असते.

दोरी की पातं

ट्रिमरबरोबर बहुतेक वेळा नायलॉनची दोरी, प्लॅस्टिकची पाती आणि एक धातूचं पातं असं सगळं येतं. घराजवळ मी दोरीच वापरते. आपल्याकडची जमीन मुरमाड, थोडं खरवडलं की दगड वर. धातूचं पातं दगडावर बसलं की हाताला हिसका बसतो, पातं तुटून उडू शकतं, आणि दगड कुठे जाईल याचा नेम नाही. दोरी दगडावर आपटली तर दोरीच तुटते. धातूचं पातं फक्त कुंपणाबाहेरच्या घाणेरीसारख्या जाड खोडांसाठी, तेही यंत्रावर चालेल असं लिहिलेलं असेल तरच.

छोट्या यंत्रांना बहुधा 1.6 मिलिमीटरची दोरी लागते. जाड दोरी जास्त टिकेल म्हणून 2.4 ची भरू नका. मोटरवर ताण येतो, बॅटरी तापते आणि वेळ कमी होतो. रीळ भरताना तिच्यावर बाण असतो त्या दिशेने, ताणून, दोरीवर दोरी न चढवता गुंडाळायची. सैल गुंडाळली की आतल्या आत रुतते आणि मग यंत्राचं डोकं, म्हणजे रीळ बसते तो फिरणारा भाग, जमिनीवर कितीही टेकवा, दोरी बाहेर येत नाही. उन्हाळाभर पडून राहिलेली नायलॉनची दोरी कोरडी पडते आणि फटाफट तुटते. वापरायच्या आदल्या रात्री रीळ काढून पाण्यात बुडवून ठेवा. नायलॉन पाणी धरतं आणि पुन्हा लवचीक होतं. हे एवढंसं काम, पण दोरी किती टिकते त्यात फरक लगेच दिसतो.

दोरीच्या मागे जे प्लॅस्टिकचं कवच असतं, त्याला आतून एक लहानसं पातं असतं. वाढलेली दोरी बरोबर मापात छाटायचं काम ते करतं. गवत अडकतं म्हणून कवचच काढून टाकलेली यंत्रं मी खूप पाहिली आहेत. तसं करू नका. कवच नसलं की दोरी लांब होते, लांब दोरी फिरवायला मोटर जास्त वीज ओढते, आणि खडे थेट नडगीवर येतात.

काय कापायचं आणि काय उपटायचं

सगळ्यात महत्त्वाचं हेच. ट्रिमर गवत आखूड ठेवतो. तण संपवत नाही. मुळं जमिनीतच राहतात. त्यामुळे यंत्र हातात घ्यायच्या आधी खुरपं आणि पाटी घेऊन एक फेरी मारायची आणि समोर काय उगवलंय ते बघायचं.

गाजरगवत, ज्याला काँग्रेस गवत म्हणतात, त्याला ट्रिमर लावायचाच नाही. हे तण मूळचं अमेरिका खंडातलं. आपल्या देशात त्याची ठळक नोंद 1950च्या दशकात पुण्यात झाली आणि आता ते गावागावांतल्या रस्त्याच्या कडेला आहे. ते वरून कापलं की बुंध्यातून चार फांद्या फुटतात आणि बुटकं राहून पुन्हा फुलतं. फुलावर असताना कापलं तर परागकण आणि चोथा तोंडावर उडतो. त्याने अंगाला खाज, पुरळ येते, दम्याच्या माणसाला त्रास होतो. एका झाडाला हजारो बिया धरतात आणि उगवल्यापासून महिन्या-दीड महिन्यात ते फुलायला लागतं. म्हणून पाऊस पडून जमीन मऊ असताना, पांढरी फुलं यायच्या आत, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं. लहानपणीच्या पानांवरून ते ओळखायला शिका: गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली, फिकट हिरवी, किंचित लव असलेली पानं जमिनीला चिकटून गोल पसरलेली असतात. त्या वयात ते दोन बोटांनी सुटतं.

लव्हाळ्याचं उलट आहे. तो नुसता ओढला तर पात हातात येते आणि गाठ खाली राहते. त्या गाठीतून दोन-चार दिवसांत नवी पात वर. वाफ्यात असेल तर खुरप्याने खोल जाऊन गाठीसकट काढा. मोकळ्या जागेत असेल तर ट्रिमरने सारखा कापत राहा, हळूहळू त्याचा जोर कमी होतो.

टाकळा आषाढात कोवळा असतो, तेव्हा त्याची भाजी करा. केना आणि कुर्डूही तसेच खाण्याजोगे. टाकळा शेंगेवर यायच्या आत कापला तर पुढच्या वर्षीचं बरंच काम वाचतं. हरळीला मात्र ट्रिमर मानवतो. ती जितकी छाटाल तितकी आडवी पसरते आणि दाट होते. आमच्या पुढच्या अंगणात लॉन कधी लावलं नव्हतं. गाजरगवत उपटत गेले, हरळी छाटत गेले, आणि आता तिथे नातवंडं अनवाणी खेळतात.

एक कोपरा मी श्रावणासाठी राखते. तिथे आघाडा आणि दुर्वा यंत्राशिवाय वाढू देते. जिवतीच्या पूजेला आघाडा-दुर्वांची माळ लागते, पुढे हरतालिकेची पत्री, गणपतीच्या एकवीस दुर्वा. दोन विटा आडव्या ठेवून कोपरा आखून घेतला की ट्रिमर चुकून तिकडे जात नाही.

प्रत्यक्ष चालवताना

दव किंवा पावसाचं पाणी सुकल्यावर सुरू करा. साधारण नऊनंतर. ओलं गवत कवचाखाली लगद्यासारखं बसतं आणि मोटर अडते. पावसात तर यंत्र बाहेर काढायचंच नाही. श्रावणसर आली की बॅटरी काढून आत.

आधी एक काठी घेऊन गवतावर आपटत एक फेरी मारा. साताऱ्यात पावसाळ्यात घराजवळच्या गवतात साप असतोच असं धरून चाला, त्यातही घोणस गवतात निवांत पडून राहते आणि पटकन हलत नाही. गुडघ्यापर्यंतचे गमबूट घाला. साप दिसला तर यंत्र बंद, माणसं लांब, आणि सर्पमित्राला फोन. नागपंचमीला आमच्याकडे कापणं-खणणं होत नाही, म्हणून त्या आठवड्याचं काम मी आधीच उरकते.

त्याच फेरीत दगड, तारेचे तुकडे, नारळाच्या झावळ्या, ठिबकचे पाइप, बोअरच्या मोटरची केबल हे सगळं बघून घ्या. केबल गवतात असेल तर तिच्या दोन्ही बाजूंनी हातभर जागा विळ्यानेच साफ करायची. डोळ्यांना चष्मा पुरत नाही, बाजूने खडा येतो. वेल्डिंगवाल्यांकडे असतो तसा बाजूने बंद गॉगल कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. पूर्ण पायजमा किंवा पँट, साडी-ओढणी नको. मुलं, कुत्री-मांजरं पंधरा मीटरच्या बाहेर, आणि शेजाऱ्यांची गाडी कुंपणाला लागून उभी असेल तर आधी ती हलवायला सांगा.

यंत्र चालू करून पूर्ण वेग येऊ द्या, मग गवताला लावा. कापते ती दोरीची टोकं, शेवटची दोन-तीन बोटं. दोरीचा मधला भाग गवतात घुसवला की ती गुंडाळते आणि यंत्र थांबतं. डोक्यावरचा बाण बघा, दोरी कुठून कुठे फिरते ते कळेल. कापलेलं ज्या बाजूला फेकलं जातं, ती बाजू मोकळ्या जागेकडे ठेवा. गवत उंच झालं असेल तर एकदम बुडाशी जाऊ नका. आधी वरचा निम्मा भाग, मग खालचा. डावी-उजवीकडे झोका देत, पावलागणिक पुढे.

किती आखूड कापायचं? दोन-तीन इंच ठेवा. जमिनीला घासून मातीपर्यंत कापलेलं पहिल्या दिवशी स्वच्छ दिसतं, पण उघड्या मातीवर पहिलं काय येतं तर गाजरगवत. हरळीचं दोन इंचांचं आच्छादन असेल तर त्याच्या बियांना जागा मिळत नाही.

झाडांच्या बुंध्याशी फार जपून. दोरी नायलॉनची असली तरी आंब्याच्या किंवा लिंबाच्या कोवळ्या झाडाची साल ती क्षणात सोलते. साल खोडाभोवती पूर्ण गोल गेली की पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत उतरत नाही आणि झाड हळूहळू वाळतं. लोकांना वाटतं वाळवी लागली, आणि नीट पाहिलं की बुंध्याशी सगळीकडून ट्रिमरचे वळ असतात. प्रत्येक लहान झाडाभोवती हात-दीड हाताचं आळं खुरप्याने साफ ठेवायचं, त्यावर कापलेलं गवत वाळवून पसरायचं, खोडाला मात्र टेकवायचं नाही. मग यंत्राला बुंध्याजवळ जायचं कारणच राहत नाही. बिया धरलेलं तण या आच्छादनात घालू नका.

दोरी संपली, गवत अडकलं, आवाज बदलला, काहीही झालं तरी यंत्राच्या डोक्याला हात लावायच्या आधी बॅटरी काढायची. बटण बंद आहे म्हणून भागत नाही. पेट्रोलचं यंत्र बंद पडलं की सुरू करायची दोरी ओढल्याशिवाय चालू होत नाही. हे मात्र बटणाला कोपर लागला तरी फिरतं. आमच्या घरात नियम आहे की यंत्र जमिनीवर ठेवलं की बॅटरी हातात दिसली पाहिजे.

बाकीची यंत्रं

कुंपणाची कात्री, म्हणजे हेज ट्रिमर, कोयनेल किंवा मेंदीचं कुंपण असेल तर उपयोगाची. कुंपण खाली रुंद, वर निमुळतं ठेवा म्हणजे खालच्या पानांना ऊन मिळतं आणि बुडाशी ते विरळ होत नाही. कात्री खालून वर न्यायची. करंगळीपेक्षा जाड फांदी तिच्यात घालू नका, ती हातकात्रीने कापा. सुरू करण्याआधी कुंपण काठीने हलवून बघा. गांधीलमाश्यांचं पोळं आत असतं ते पानांमुळे दिसत नाही. बुलबुलाचं घरटं असेल तर तेवढा भाग पिल्लं उडेपर्यंत तसाच राहू द्या. इंटरनेटची केबलही हल्ली कुंपणातूनच नेलेली असते.

हातात मावणारी छोटी चेनसॉ सध्या सगळ्यांना हवी असते. मी ती सगळ्यात शेवटी घ्या म्हणेन. परड्यातल्या फांद्यांना चांगली करवत पुरते. घेतलीच तर दोन्ही हातांनी धरा, साखळी ज्यावर फिरते त्या पट्टीच्या टोकाने कधीही कापू नका कारण टोक अडकलं की ती उलटी अंगावर येते, खांद्याच्या वर आणि शिडीवर तर मुळीच नको. फांदी आधी खालून थोडी कापायची, मग वरून; म्हणजे पडताना खोडाची साल ओढून नेत नाही. ब्लोअरची, म्हणजे हवेने पाला उडवणाऱ्या यंत्राची, गरज मला वाटली नाही. खराट्याने पाला गोळा होतो आणि धूळ शेजाऱ्यांकडे जात नाही.

पाठीवरचा बॅटरीचा फवारणी पंप पुष्कळ घरांत आहे, त्याबद्दल एवढंच: बऱ्याच पंपांत 12 व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते आणि तिचा नियम ट्रिमरच्या बॅटरीच्या, पुढे सांगितलेल्या नियमाच्या उलटा आहे. ती ठेवून द्यायची असेल तर पूर्ण भरून ठेवायची आणि महिन्यातून एकदा पुन्हा भरायची. रिकामी ठेवली की मेलीच.

बॅटरी सांभाळणं

काम संपल्यावर बॅटरी हाताला गरम लागत असेल तर अर्धा तास सावलीत ठेवून मग चार्जिंगला लावा. फरशीवर लावा, गादीवर, कागदांवर, गॅसजवळ नको. झोपताना किंवा घराबाहेर जाताना लावून ठेवू नका. पावसाळ्यात वीज जाते-येते तेव्हा चार्जर काढून ठेवलेला बरा. पडून तडा गेलेली किंवा फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही, चार्ज तर करायचीच नाही.

यंत्र पाइपच्या पाण्याने धुवायचं नाही. कवचातला लगदा काडीने खरवडून, जुन्या ब्रशने झाडून, कोरड्या फडक्याने पुसायचं.

दिवाळीनंतर गवत वाढायचं थांबतं आणि यंत्र पावसाळ्यापर्यंत पडून राहतं. लिथियमची बॅटरी तेव्हा निम्मी भरलेली ठेवावी, दिव्यांच्या चार खुणा असतील तर दोन पेटलेल्या. यंत्रातून काढून, घरात, थंड जागी. पत्र्याच्या शेडमध्ये नाही. साताऱ्यात एप्रिलमध्ये बाहेर चाळिशीला पारा गेला की पत्र्याखाली त्याहून किती तरी जास्त तापतं आणि बॅटरीचं आयुष्य तिथेच संपतं. होळीच्या सुमाराला एकदा खुणा बघायच्या, एकच उरली असेल तर थोडी भरून घ्यायची.

आणि संपलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की ती पेट घेते. 2022च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा दुकानदार नाही म्हणाला तर कंपनीच्या सेवा केंद्रात विचारा. देईपर्यंत तिच्या धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावून, खिळे-मोळे नसलेल्या वेगळ्या डब्यात ठेवा.